अंगावर काढलेले दुखणे : वैद्यकीय शिक्षणातील कथनसंशोधन पद्धतीचा विचार

प्रास्ताविक

‘दुखणे अंगावर काढणे’ हा मराठीतील एक रूढ वाक्प्रचार आहे. उपचार न करता, कोणाला न सांगता, कामात खंड न पडू देता आजार सोसणे असा त्याचा अर्थ कोश देतात. रुग्णालयातील केसपेपरवर मात्र या वाक्प्रचाराला जागा नसते. तेथे ‘उपचारास विलंब’ किंवा ‘सूचना पाळत नाही’ एवढीच नोंद होते. एकाच वस्तुस्थितीची ही दोन रूपे आहेत. पहिल्यात सोसणारी व्यक्ती, तिचे घर, तिचा काळ आणि तिची कारणे सूचित होतात. दुसऱ्यात केवळ तिचा दोष उरतो. वैद्यकीय शिक्षण घेणारा विद्यार्थी पहिल्या रूपाकडून दुसऱ्या रूपाकडे जाण्यास शिकतो. ते त्याच्या व्यवसायाचे आवश्यक कौशल्य होय. परंतु दुसऱ्या रूपाकडून पुन्हा पहिल्याकडे कसे यावे, हे त्याला क्वचितच शिकविले जाते.

कथनसंशोधन या पद्धतीचे प्रयोजन येथे सुरू होते. माणसे आपले अनुभव कथेच्या रूपात कशी मांडतात, त्या मांडणीतून कोणता अर्थ घडवितात आणि ऐकणारा त्या अर्थात कसा सहभागी होतो, याचा शिस्तबद्ध अभ्यास म्हणजे कथनसंशोधन. गेल्या चार दशकांत शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र व मानसशास्त्र यांच्या बरोबरीने वैद्यकीय शिक्षणातही ही पद्धती स्थिरावली. मराठी विभागांत मात्र तिची चर्चा प्रायः कादंबरी आणि कथा यांच्या कथनमीमांसेपुरती राहिली आहे. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे स्वरूप, मराठी परंपरेतील तिचे आधार, तिच्या वापराची रीत आणि तिच्या मर्यादा यांचा विचार केला आहे. उदाहरणासाठी कोल्हापूर शहरालगतच्या उचगाव परिसराची पार्श्वभूमी घेतली आहे. करवीर तालुक्यातील हे गाव कोल्हापूर–हुपरी मार्गावर, पुणे–बेंगळुरू महामार्गाच्या सान्निध्यात वसले आहे. शेती, कारखान्यातील पाळी आणि शहरातील नोकरी हे तिन्ही जीवनक्रम येथे एकाच घरात नांदताना आढळतात. शहरात शासकीय व खासगी अशी दोन्ही वैद्यकीय महाविद्यालये आहेत. म्हणजे केसपेपरची भाषा आणि उंबऱ्यावरची भाषा यांत येथे अंतर आहे ते काही किलोमीटरचेच. पण ते अंतर आपोआप ओलांडले जात नाही.

संकल्पनेची पार्श्वभूमी

मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९८६ मध्ये विचार करण्याच्या दोन रीतींचा भेद मांडला. एक तार्किक-वर्गीकरणाची रीत. ती सर्वसामान्य नियम शोधते. दुसरी कथनाची रीत. ती विशिष्ट माणसाच्या विशिष्ट अनुभवाचा अर्थ लावते. एक रीत दुसऱ्या रीतीची जागा घेऊ शकत नाही, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होय. वैद्यक हे या दोन्ही रीतींवर उभे असलेले शास्त्र आहे. क्षयाचे जंतू कोणत्या औषधाने मरतात, हा पहिल्या रीतीचा प्रश्न. या रुग्णाने दोन महिन्यांनी गोळ्या का सोडल्या, हा दुसऱ्या रीतीचा.

मानववंशशास्त्रज्ञ व मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात व्याधी आणि आजारपण यांत भेद केला. व्याधी म्हणजे वैद्याला दिसणारा शरीरातील बिघाड. आजारपण म्हणजे रुग्णाने व त्याच्या कुटुंबाने जगलेला अनुभव. मराठीत या भेदासाठी शब्द नव्याने घडविण्याची गरज नाही. ‘रोग’ आणि ‘दुखणे’ हे दोन शब्द तो भेद पूर्वीपासून वाहत आले आहेत. रोगाचे निदान होते; दुखणे सांगितले जाते, ऐकले जाते, काढले जाते.

एलियट मिशलर यांनी १९८४ मध्ये डॉक्टर-रुग्ण संवादांचे सूक्ष्म विश्लेषण करून ‘वैद्यकाचा आवाज’ आणि ‘जीवनव्यवहाराचा आवाज’ हे दोन आवाज वेगळे केले व पहिला आवाज दुसऱ्याला मध्येच कसा तोडतो हे दाखविले. त्याच वर्षी बेकमन आणि फ्रँकेल यांनी अमेरिकेतील ७४ भेटींच्या अभ्यासात असे नोंदविले की, रुग्णाने बोलण्यास सुरुवात केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टरने त्याचे बोलणे थांबविले होते. जेमतेम चौथा हिस्सा रुग्णांनाच आपले प्रारंभीचे निवेदन पुरे करता आले. पुढे ब्रिटनमध्ये ट्रिशा ग्रीनहाल्ग व ब्रायन हर्विट्झ यांनी १९९८ मध्ये कथनाधिष्ठित वैद्यकाचा विचार ग्रंथरूपाने मांडला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील डॉ. रिटा शॅरन यांनी ‘कथनात्मक वैद्यक’ ही संज्ञा रूढ केली. त्यांचा ‘समांतर नोंदपत्रा’चा उपक्रम विशेष उल्लेखनीय आहे. रुग्णालयाच्या नोंदपत्रात लिहिता येत नाही, पण कुठेतरी लिहिले गेलेच पाहिजे, असे जे काही विद्यार्थ्याला रुग्णाविषयी जाणवते ते त्याने साध्या भाषेत स्वतंत्र कागदावर लिहावे आणि सहाध्यायांसमोर वाचावे, अशी ही रीत आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कथनात्मक वैद्यक ही उपचाराची व शिक्षणाची दृष्टी आहे. कथनसंशोधन ही ज्ञानप्राप्तीची पद्धती आहे. दोहोंची गल्लत केल्यास रुग्णाविषयी हळवा निबंध लिहिणे म्हणजेच संशोधन, असा गैरसमज बळावतो.

मराठी परंपरेतील आधार

रुग्णाला विचारून जाणणे ही कल्पना भारतीय वैद्यकाला परकी नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी त्रिविध परीक्षा सांगितली आहे. प्रश्नाला तेथे पाहण्या-स्पर्शण्याच्या बरोबरीचे स्थान आहे.

कथने गोळा करण्याच्या पद्धतीचा विचार करताना मराठी अभ्यासकाला आणखी जवळचा आधार सापडतो तो महानुभाव वाङ्मयात. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधरस्वामींच्या लीळा संकलित केल्या, त्या एका जागी बसून कल्पनेने नव्हेत. ज्यांनी त्या लीळा पाहिल्या वा ऐकल्या होत्या, त्यांच्यापर्यंत जाऊन, त्यांना विचारून, नागदेवाचार्यांच्या साहाय्याने पारखून त्यांनी त्या सिद्ध केल्या. लीळाचरित्राच्या पाठपरंपरेत एकाच प्रसंगाची भिन्न स्मरणे ‘वासना’ या संज्ञेने जपलेली आढळतात. कोणाच्या स्मरणात प्रसंग कसा आहे, याची नोंद ठेवणे आणि भिन्नता पुसून न टाकणे, हे तत्त्व त्यामागे आहे. आजचा कथनसंशोधक मुलाखतीच्या प्रत्येक पाठाशी निवेदक, स्थळ आणि प्रसंग जोडून ठेवतो, तो याच सावधपणाने. संपादनशास्त्राच्या तासाला लीळाचरित्र अभ्यासणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याजवळ ही दृष्टी मुळातच असते. तिचे क्षेत्र तेवढे विस्तारावयाचे आहे.

आधुनिक मराठीत आजाराच्या कथनाची स्वतंत्र धारा निर्माण झाली आहे. पद्मजा फाटक यांचे ‘हसरी किडनी’ हे रुग्णाच्या बाजूने लिहिलेले पुस्तक, डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे डॉक्टर स्वतः रुग्ण झाल्यावरचे आत्मपरीक्षण, डॉ. अरुण लिमये यांचे ‘क्लोरोफॉर्म’ हे व्यवसायाच्या आतून केलेले टीकात्म लेखन, आणि डॉ. रवी बापट यांचे ‘वॉर्ड नं. पाच, केईएम’ ही या धारेची ठळक उदाहरणे होत. डॉ. अनिल अवचट (१९४४–२०२२) यांनी वैद्यकाची पदवी घेऊनही लेखणी हाती धरली. त्यांच्या लेखनात निवेदक प्रश्न थोडे विचारतो आणि ऐकतो फार. मुलाखतीची रीत शिकविण्यास याहून चांगला पाठ शोधावा लागणार नाही.

एक जीवन, अनेक कथने

कथन म्हणजे घटनांची केवळ जंत्री नव्हे, घटनांना कार्यकारणाच्या धाग्यात ओवणे होय. हे समजावून देण्यास कोल्हापूरशी निगडित असलेले डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) यांचे उदाहरण उपयुक्त ठरते. गोपाळराव जोशी यांनी पत्नीच्या शिक्षणासंबंधी मिशनरींशी केलेला पत्रव्यवहार कोल्हापुरातील वास्तव्यात, १८७८ मध्ये झाला. १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे पदवी मिळाल्यावर आनंदीबाईंची नेमणूक झाली तीही कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीकक्षावर. पुढे हेच रुग्णालय छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणून ओळखले गेले. क्षयाने ग्रासलेल्या आनंदीबाईंचे २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे निधन झाले. त्या कक्षातील स्त्रियांची दुखणी ऐकण्याची संधी त्यांना मिळाली नाही.

या जीवनाची किती कथने झाली हे पाहण्यासारखे आहे. कॅरोलाइन डॉल यांचे १८८८ चे इंग्रजी चरित्र, काशीबाई कानिटकरांचे मराठी चरित्र, श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही १९६८ ची कादंबरी, अंजली कीर्तने यांचे १९९७ चे संशोधनपर चरित्र आणि २०१९ चा मराठी चित्रपट असा हा पट आहे. आनंदीबाईंचे पहिले अपत्य जन्मानंतर थोड्याच दिवसांत दगावले. लोकप्रिय कथनांत हा प्रसंग त्यांच्या वैद्यकाकडे वळण्याचे कारण म्हणून येतो. परदेशगमनापूर्वी, १८८३ मध्ये, सेरामपूर येथे त्यांनी जे भाषण केले त्यात मात्र भर आहे तो हिंदी स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांची असलेली गरज या सामाजिक कारणावर. यांपैकी एक खरे आणि दुसरे खोटे असे मानण्याचे कारण नाही. जाहीर सभेत स्त्रीने आपले कोणते कारण सांगावे आणि कोणते मनात ठेवावे, हे त्या काळाने ठरविले असणे शक्य आहे. निवेदक कोण, श्रोता कोण आणि प्रसंग कोणता यांवर कारणाची निवड अवलंबून असते. बाह्यरुग्ण विभागातील बाकावर बसलेली स्त्री डॉक्टरला एक कारण सांगते आणि शेजारणीला दुसरे, तेव्हाही हेच घडत असते.

पद्धतीचे टप्पे

कथनसंशोधनाचे स्थूलमानाने चार टप्पे मानता येतील : कथन मिळविणे, त्याचे लिप्यंकन करणे, विश्लेषण करणे आणि ते निवेदकाकडे परत नेऊन पडताळणे.

पहिल्या टप्प्यात प्रश्नाचे रूप निर्णायक असते. ‘किती दिवसांपासून दुखते?’ या प्रश्नाचे उत्तर संख्येत मिळते. ‘काय काय झाले ते सुरुवातीपासून सांगा’ या विनंतीचे उत्तर कथेत मिळते. क्लाइनमन यांनी सुचविलेले प्रश्न येथे उपयोगी पडतात : हे कशामुळे झाले असे वाटते, ते त्याच वेळी का सुरू झाले, आणि यात सर्वांत अधिक भीती कशाची वाटते.

दुसऱ्या टप्प्यात मराठीच्या अभ्यासकाचे काम विशेष महत्त्वाचे आहे. लिप्यंकन करताना बोली ‘शुद्ध’ करण्याचा मोह होतो. कोल्हापूर परिसरातील अनेक स्त्रिया स्वतःविषयी बोलताना ‘मी जातो’, ‘मी आलो’ अशी क्रियारूपे सहजपणे वापरतात. प्रमाणभाषेत वाढलेला लेखनिक ती ‘मी जाते’ अशी दुरुस्त करतो आणि नकळत निवेदकाचा आवाज बदलतो. थांबणे, हसणे, शब्दाची पुनरुक्ती, वाक्य अर्धवट सोडणे यांचीही खूण ठेवावी लागते. कारण बहुधा अर्थ तेथेच दडलेला असतो.

तिसऱ्या टप्प्यासाठी अनेक साधने उपलब्ध आहेत. कॅथरीन रीसमन यांनी आशयलक्ष्यी, रचनालक्ष्यी आणि संवादलक्ष्यी अशा विश्लेषणाच्या दिशा सांगितल्या आहेत. रचनेच्या अभ्यासासाठी भाषावैज्ञानिक विल्यम लबॉव्ह यांनी वॉलेट्झ्की यांच्यासह १९६७ मध्ये मांडलेला व पुढे विस्तारलेला आराखडा सोयीचा आहे. त्यात मौखिक कथनाची सहा अंगे येतात : सारकथन, परिस्थितिनिर्देश, गुंतागुंत, मूल्यनिर्देश, निरसन आणि समापन. यांपैकी मूल्यनिर्देश, म्हणजे ‘हे मी का सांगत आहे’ हे सुचविणारा भाग, कथनाचा प्राण होय. आजाराच्या कथनांचे प्रकार आर्थर फ्रँक यांनी १९९५ मध्ये सांगितले. ‘आजारी होतो, बरा झालो’ असे पूर्वस्थितीकडे नेणारे कथन, कोठेच न पोचणारे विस्कळित कथन, आणि आजारातून काही शोध लागल्याचे कथन, हे ते तीन प्रकार होत.

एक नमुना पाठ

ही साधने कशी चालतात हे दाखविण्यासाठी अध्यापनाकरिता रचलेला एक पाठ पुढे दिला आहे. तो कोणाही विशिष्ट व्यक्तीचा नाही; उचगावसारख्या गावातील बोली व परिस्थिती ध्यानात घेऊन तो तयार केला आहे. पन्नाशीची एक स्त्री घरी आलेल्या वैद्यकीय विद्यार्थिनीशी बोलत आहे. ‘मावशी, सुरुवातीपासून सांगा’ एवढेच विद्यार्थिनीने म्हटले आहे.

“साखरंनं पाय खाल्ला बघ माझा, पोरी. गेल्या सुगीपासनं पायाला मुंग्या आल्यागत व्हायचं. म्हटलं, भांगलणीनं झालं आसंल. तवा म्हातारीचं दुखणं काढत हुतो मी, सासूचं. माझ्याकडं कोण बघणार? मग थोरलीचं लगीन निघालं. पायात खडा गेला, कळलंच न्हाई. चप्पल काढली तर रगात. दोन म्हैनं तसंच अंगावर काढलं. मग ह्यांनी दवाखान्यात न्हेलं, तर साखर निघाली. साखर निघाली म्हटल्यावर मला काय वाटलं म्हाईत हाय? म्हटलं, आता माझं खाणं समद्यांच्या डोळ्यावर येणार. (थांबते.) आता हाय तसं हाय. दिवस ढकलायचं.”

याच स्त्रीच्या केसपेपरवर पुढील आशयाची नोंद होईल : स्त्री, वय ५२, मधुमेहाचे नव्याने निदान, उजव्या तळपायास दोन महिन्यांपासून जखम, पायाची संवेदना कमी, उपचारास विलंब, पथ्य पाळत नाही. या नोंदीत चूक काहीही नाही. पायाची संवेदना कमी होणे, खडा लागल्याचे न कळणे आणि जखम चिघळणे हा मधुमेहातील नसांच्या विकाराचा परिचित क्रम आहे व कथनातून तो अचूक हाती येतो. तरीही नोंद आणि कथन यांच्यामध्ये जे गळले, त्यावरच पुढचा उपचार अवलंबून आहे.

लबॉव्ह यांच्या आराखड्याने पाहता पहिले वाक्य सारकथन ठरते. सुगी, भांगलण, सासूचे आजारपण आणि मुलीचे लग्न हा परिस्थितिनिर्देश होय. निवेदक काळ मोजते तो महिन्यांत नव्हे, घरातील कर्तव्यांत. खडा लागणे आणि रक्त दिसणे ही गुंतागुंत. दवाखाना आणि निदान हे निरसन. ‘दिवस ढकलायचं’ हे समापन. मूल्यनिर्देश मात्र दोन ठिकाणी आहे : ‘माझ्याकडं कोण बघणार’ आणि ‘माझं खाणं समद्यांच्या डोळ्यावर येणार’. पहिले वाक्य विलंबाचे कारण सांगते. दुसरे वाक्य पथ्य न पाळण्याचे कारण आगाऊच सांगून टाकते. घरातील सर्वांना वाढून मागाहून जेवणाऱ्या स्त्रीला स्वतःसाठी वेगळे शिजविणे म्हणजे स्वतःकडे लक्ष वेधून घेणे वाटते. तिला एकटीला आहाराचा तक्ता देऊन उपयोग नाही. घराचेच जेवण थोडे बदलावे, अशी चर्चा पती व मुलांसह करावी लागेल. हा निष्कर्ष कोणत्याही रक्ततपासणीतून निघत नाही.

भाषेच्या अंगाने आणखी एक सूक्ष्म गोष्ट दिसते. पाठात ‘काढणे’ हे क्रियापद तीनदा आले आहे. चप्पल काढण्याचा वाच्यार्थ सोडला, तर दोन प्रयोग उरतात. सासूचे दुखणे ‘काढणे’ म्हणजे तिची शुश्रूषा करणे. स्वतःचे दुखणे ‘अंगावर काढणे’ म्हणजे शुश्रूषेविना राहणे. एकच क्रियापद दुसऱ्यासाठी वापरले की सेवा होते आणि स्वतःसाठी वापरले की उपेक्षा होते. त्याच धातूच्या जोडीतील ‘निघणे’ हे अकर्मक रूप लग्नासाठी आणि साखरेसाठी आले आहे. दोन्ही गोष्टी निवेदकाच्या इच्छेवाचून ‘निघाल्या’ आहेत. दवाखान्यात तिला ‘न्हेलं’ जाते. ती स्वतः कर्ती आहे ती एकाच ठिकाणी, सासूची सेवा करताना. आजारपणातील तिचे स्थान व्याकरणाने असे उघड केले आहे. व्याकरणातून अर्थ वाचण्याची ही सवय मराठीच्या वर्गात लागते. वैद्यकाच्या वर्गाला ती देता येण्याजोगी आहे. रुग्णालयाच्या खिडकीवरही केसपेपर ‘काढला’च जातो, त्या कागदावर रुग्णाचे दुखणे कितपत काढले जाते, एवढाच प्रश्न उरतो.

फ्रँक यांच्या वर्गीकरणात हे कथन सहज बसत नाही, हेही विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावे. यात पूर्वस्थिती परत आल्याचा दिलासा नाही, पूर्ण विस्कळितपणा नाही आणि आत्मशोधही नाही. ‘हाय तसं हाय’ हे निभावण्याचे कथन आहे. पाश्चात्त्य चौकट लागू पडत नसेल तर कथन मोडून तिच्यात बसवू नये. चौकटीत चौथा खण करावा.

अभ्यासक्रमातील जागा

अशा अध्यापनाला अभ्यासक्रमात जागा आहे काय, असा प्रश्न साहजिक आहे. २०१९ पासून देशातील एम.बी.बी.एस. शिक्षणात क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. त्यात वृत्ती, नीती व संवाद यांसाठी २७ घटकांची स्वतंत्र मालिका समाविष्ट झाली आणि चिंतनपर लेखन हा नोंदवहीचा भाग बनला. त्या वर्षीच्या आराखड्यात प्रारंभिक अभ्यासवर्गात भाषा व संगणक कौशल्यांसाठी ४० तास ठेवले होते. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. साहजिकच महाराष्ट्रातील वर्गात मराठी न जाणणारे विद्यार्थीही असतात. त्यांना ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणजे पक्षाघात, ‘अंगावरून जातं’ म्हणजे स्राव आणि ‘अंग बाहेर येतं’ म्हणजे गर्भाशय खाली सरकणे, हा भेद कळणे हा रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. ‘अंग’ या एका शब्दाच्या तीन प्रयोगांनी तीन वेगळे रोग सूचित होतात.

२०२२ पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कुटुंब दत्तक उपक्रम सुरू केला. विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून गावातील काही कुटुंबांशी संपर्क ठेवावा अशी त्याची कल्पना आहे. महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांनी गावात शिबिर करून राहण्याची प्रथा आहे. जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून चालविलेल्या प्रकल्पात गावातील अल्पशिक्षित स्त्रियाच आरोग्यसेविका झाल्या आणि त्यांचे अनुभवकथन हाच प्रशिक्षणाचा आधार ठरला. नव्या उपक्रमात मात्र कुटुंबाची माहिती केवळ तक्त्यात भरली जाण्याचा धोका आहे. वजन, रक्तदाब, शौचालय, पाण्याचा स्रोत असे रकाने भरून झाले की भेट संपते. प्रत्येक भेटीत एकच कथन ऐकून लिहून घ्यावे व वर्षभराच्या कथनांचे सहअध्ययन करावे, एवढी जोड दिल्यास या उपक्रमाचे रूप पालटेल. विद्यापीठाचा मराठी विभाग आणि वैद्यकीय महाविद्यालयाचा जनऔषधवैद्यक विभाग यांनी संयुक्तपणे बोलीतील आजारवाचक शब्दांचा कोश आणि लिप्यंकित कथनांचा संग्रह सिद्ध करणे, हा पदव्युत्तर प्रबंधिकांचा उत्तम विषय होऊ शकेल.

मर्यादा आणि नीतिविचार

कथनसंशोधन संख्येला पर्याय नाही. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी केलेला अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक अवयवांचे रोग आढळले. पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. प्रश्नाची व्याप्ती या आकड्यांनी सिद्ध केली. स्त्रिया याविषयी काय बोलतात आणि का बोलत नाहीत, हे मात्र डॉ. राणी बंग यांच्या ‘कानोसा’सारख्या पुस्तकातून उमगते. त्याच प्रकल्पात बालमृत्यूंची कारणे निश्चित करण्यासाठी वापरलेली ‘व्हर्बल ऑटॉप्सी’ ही पद्धती कुटुंबाच्या निवेदनावरच उभी आहे. संख्या आणि कथन यांचे नाते विरोधाचे नसून पूरकतेचे आहे.

दुसरी मर्यादा सत्यतेची. कथन हे घडलेल्या गोष्टीचे छायाचित्र नव्हे. ते स्मरण आहे आणि श्रोत्यासाठी रचलेले आहे. म्हणून कथनावरून रोगनिदान करताना पडताळा अनिवार्य ठरतो. मात्र जुळत नसलेला तपशील फेकून न देता तो का जुळत नाही हे विचारणे, हे संशोधकाचे काम होय.

तिसरा प्रश्न नीतीचा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार माहितीपूर्ण संमती आणि गोपनीयता बंधनकारक आहेत. परंतु गावात नाव बदलल्याने ओळख लपत नाही. ‘सासू अंथरुणावर होती, त्याच सुगीत थोरलीचे लग्न झाले’ एवढे सांगितले तरी घर ओळखू येते. तपशील बदलावे तर अर्थ बदलतो. ठेवावे तर विश्वास तुटतो. यावर सोपे उत्तर नाही. लिहिलेले कथन निवेदकाला वाचून दाखविणे, तिला नको असलेला भाग गाळणे आणि संमती मागे घेण्याचा तिचा अधिकार मानणे, एवढे तरी किमान पाळले पाहिजे. हा चौथा टप्पा वेळेअभावी बहुधा गाळला जातो. वस्तुतः संशोधनाची नैतिकता तेथेच ठरते. तसेच ऐकताना उपचारयोग्य गोष्ट कळली, तर संशोधक म्हणून गप्प राहता येत नाही. जखम दिसलेल्या विद्यार्थिनीने वही मिटून प्रथम तिला रुग्णालयात पोचविण्याची व्यवस्था केली पाहिजे.

चौथी गोष्ट अधिक गंभीर आहे. कथन व्यक्तीच्या तोंडून येते म्हणून त्याची कारणेही व्यक्तीतच शोधण्याची चूक होते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांवर मोठ्या प्रमाणावर झालेल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला आणि राज्य शासनाने चौकशीसाठी समिती नेमली. ‘पिशवी काढली’ हे दोन शब्द केसपेपरवर शस्त्रक्रियेचा इतिहास म्हणून येतात. त्या स्त्रियांच्या सांगण्यात मात्र ‘खाडा’ हा शब्द येतो. कामावरचा एक दिवस चुकला की उचलीतून कापली जाणारी रक्कम, तळावर पाण्याची व आडोशाची वाण, आणि पाळीच्या दिवसांत काम बुडण्याची धास्ती हे सारे त्या शब्दात सामावले आहे. वैद्यकीय विद्यार्थ्याने ‘खाडा’ हा शब्द ऐकला नाही, तर शस्त्रक्रियेचे खरे कारण त्याला कधीच कळणार नाही. कोल्हापूरसारख्या उसाच्या जिल्ह्यात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तर तो माहीत असलाच पाहिजे.

समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा की, वैद्यकीय शिक्षणात कथनसंशोधन पद्धतीचा वापर म्हणजे विज्ञानात साहित्याची शोभा आणणे नव्हे. रुग्णाचे निवेदन हा पुरावा आहे आणि पुरावा वाचण्याची शिस्त असते, हे मान्य करणे होय. पाठ, पाठभेद, निवेदक, श्रोता, बोली, व्याकरण आणि मौन यांकडे लक्ष देण्याची ही शिस्त मराठीच्या अभ्यासकाने दीर्घकाळ जोपासली आहे. ती रुग्णालयाच्या दारापर्यंत नेणे हे दोन्ही विद्याशाखांच्या हिताचे आहे. साहित्याच्या अभ्यासाला त्यातून जगण्याचा नवा पाठ मिळेल. वैद्यकाला, केसपेपरच्या ‘पथ्य पाळत नाही’ या ओळीपाशी थांबून ‘का?’ असे विचारण्याची सवय लागेल. तो प्रश्न वेळेवर विचारला गेला, तर उचगावच्या वाटेवरील एखाद्या घरात कोणाचा तरी पाय वाचेल.